शालनच्या परकराची दुमड

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी अक्काचं नाव घेतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, यमुना. वयाने माझ्यापेक्षा मोठी, उंचीने वीतभर कमी. हेडमास्तरांच्या खोलीत माझ्याविरुद्ध तक्रार घेऊन पालक बसले होते, त्या दिवशी मला सारखी तिचीच आठवण येत होती. का, ते पुढे कळेल.

हेडमास्तर निकम सरांच्या टेबलावर एक हिरवा परकर घडी करून ठेवला होता. शाळेच्या टेबलावर परकर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"उघडून बघा मास्तर," बाबूराव म्हणाले.

मी बघितला. खालच्या काठाजवळ कापडाचा रंग दोन पट्ट्यांत वेगळा होता. एक पट्टा थोडा गडद, त्याखालचा अगदी कोरा. वाढत्या मुलीचा परकर शिवताना खाली दुमड घालतात. मुलगी वाढली की दुमड उसवायची, परकर तेवढा लांब होतो. घराघरांत हे चालतं.

"पंचमीला एकदा उसवला. आता दसऱ्याला पुन्हा. खाली आता दुमडच राहिली न्हाई. तुमी पोरींना करताय तरी काय?"

खरं सांगतो, मला आनंद झाला. पीटीच्या मास्तराला यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट कोण देणार? पण ते तक्रार म्हणून आलं होतं, त्यामुळे मला हसता येईना.

बाबूराव हे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन आणि आमच्या शाळेच्या स्थानिक कमिटीचे सदस्य. परकर त्यांच्या पुतणीचा, शालनचा. शालनचे वडील रंगनाथ त्यांच्या शेजारी गप्प बसले होते. थोरला भाऊ बोलत असताना ते बोलत नसत. तिसरा गृहस्थ त्यांच्याच वस्तीवरचा. तो फक्त मान हलवायला आला होता आणि ते काम चोख करत होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून पहिलं बरं पीक हाती येत होतं, ते वर्ष. आमची शाळा नेवासा तालुक्यात, सोनईच्या अलीकडे. सात मैलांच्या आतल्या वाड्यावस्त्यांवरची मुलं हॉस्टेलला राहायची. मुलांचं एक हॉस्टेल आणि अलीकडेच सुरू झालेलं मुलींचं. मी जूनमध्ये तिथे लागलो होतो. बी.ए., आणि वर शारीरिक शिक्षणाचा कोर्स. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे शिकलेलं सगळं लगेच उपयोगात आणायची मला फार घाई असायची.

"पोरगी थोराड व्हायला लागली," बाबूराव म्हणाले. तिसऱ्या गृहस्थाने मान हलवली.

थोराड म्हणजे वयापेक्षा मोठी दिसणारी. आमच्या भागात मुलगी थोराड दिसायला लागली की शेजारीपाजारी विचारतात, यंदा उजवणार का? बापाला या लग्नाच्या प्रश्नाचा घोर असतो. म्हणून मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की घरातले तिच्या ताटातलं दूध, तूप, शेंगदाणे हळूच कमी करतात. तेच भावाच्या ताटात जातं. यात दुष्टपणा नसतो. उलट बापाची माया असते. त्याला वाटतं, पोरगी जितके दिवस लहान दिसेल तितके दिवस आपल्या घरी राहील. माया खरी असते, फक्त त्या मायेने पोरगी खुरटते.

"अन् ते लोखंड कशाला उभं केलंय?" बाबूरावांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "पोरी त्याला लटकावून लांब करता म्हनं."

ते लोखंड म्हणजे सिंगल बार. दोन खांबांवर आडवी नळी. मुली त्याला लोंबकळायच्या, झोके घ्यायच्या. मी खुलासा करायला उठलो. निकम सरांच्या पाटीवर खडूने मांडीचं हाड काढलं. सांगितलं की वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. नव्या हाडाची भर तिथे पडते. लोंबकळून हाड ओढलं जात नाही, ते अन्नाने वाढतं. डाळ, दूध, शेंगदाणे, पालेभाजी, ऊन, खेळ आणि पुरेशी झोप. किती वाढायचं त्याची मर्यादा आईबापांकडून येते, पण त्या मर्यादेपर्यंत पोचायचं की नाही हे ताट ठरवतं. मुलगी वयात आली की पुढच्या थोड्या वर्षांत तो थर पक्का होतो. मग कितीही खाल्लं तरी उंची वाढत नाही.

बाबूरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमचं म्हननं, या वयात खाऊ घातलं न्हाई तर पोरगी बारकीच राहील?"

"हो," मी म्हणालो. मुद्दा समजला म्हणून मला बरं वाटलं.

"मंग आमी तरी दुसरं काय म्हनतोय?"

शास्त्र मी सांगितलं आणि ते त्यांच्या बाजूने गेलं. तिसऱ्या गृहस्थाने तर या वेळी दोनदा मान हलवली. बाबूरावांनी उठता उठता सांगितलं की बार निघाला पाहिजे, नाहीतर दिवाळीनंतर त्यांच्या बाजूच्या मुली हॉस्टेलला परत येणार नाहीत.

ते गेल्यावर निकम सरांनी पाटी पुसली. ते सावध माणूस होते. मुलींचं हॉस्टेल मोठ्या मिनतवारीने उभं राहिलं होतं, आणि ते रिकामं झालं असतं तर पुन्हा भरलं नसतं.

"काळे, बार काढा."

"काढतो सर. मेस मात्र आहे तशीच ठेवू द्या."

"मेसबद्दल ते काही बोलले?"

"नाही."

"मग मीही काही ऐकलेलं नाही."

मेसमध्ये मी काय केलं होतं ते सांगायला हवं. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मी दोन्ही हॉस्टेलच्या पंगती पाहिल्या. मुलं आधी जेवायची, मुली नंतर. मुलांची पंगत उठेपर्यंत आमटी तळाला जायची. मग मेसच्या मथुराबाई तिच्यात पाणी घालून उकळी आणायच्या आणि ती मुलींना वाढायच्या. रविवारी पालक भेटायला यायचे. मुलांच्या डब्यात तूप, खवा, लाडू. मुलींच्या डब्यात चटणी आणि शिळ्या भाकरीचे कुटके. एकाच घरातली भाऊ-बहीण असली तरी डबे असेच वेगळे. पहाटे विहिरीवरून पाणी आणायला मुली उठायच्या आणि मुलं झोपलेली असायची. वाढत्या अंगाला झोप ही अन्नाइतकीच लागते.

खर्च न वाढवता जे जमेल ते मी केलं. दोन्ही पंगती एका वेळी बसवल्या. पाणी ओढण्याने दंड भरतात असं मुलांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. त्यानंतर पाण्यासाठी मुलांत चढाओढ लागली आणि मुली तासभर जास्त झोपू लागल्या. मटकीला मोड आणून उसळ करायची, शाळेमागच्या शेवग्याचा कोवळा पाला भाजीत घालायचा, तिळाची आणि जवसाची चटणी रोज पानात, आणि चार वाजता प्रत्येकीला शेंगदाणे-गुळाचा एक लाडू. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून सगळ्यांना जंताचं औषध दिलं. पोटात जंत असले तर खाल्लेलं त्यांच्याच कामी येतं. संध्याकाळी ग्राउंडवर खो-खो. पळण्याने भूक लागते, भूक लागली की मुलगी मागून घेते. दूध तेवढं मिळत नव्हतं. गावचं दूध बाबूरावांच्या सोसायटीत जमा होऊन नगरला जायचं.

दुष्काळात उपाशी राहिलेल्या अंगाला अन्न मिळालं की ते मागची कसर भरून काढतं. मुली भराभर वाढल्या. मथुराबाईंनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर प्रत्येकीची कोळशाने खूण केली होती. दर पौर्णिमेला त्या नवी खूण करत आणि मला बोलावून दाखवत. आमटीत पाणी घालणाऱ्या याच बाई, पण खुणा वर सरकायला लागल्यावर त्यांना मुलींपेक्षा जास्त चेव चढला.

बार मी दुसऱ्याच दिवशी काढला. बाबूरावांना मुद्दाम बोलावलं. खांब उपटेपर्यंत ते उभे राहिले. समाधानाने गेले. मुली हिरमुसल्या, पण मला दुःख नव्हतं. बारने कुणाची उंची वाढत नव्हती. तक्रार बारवर होती, तो गेला. लाडू राहिला.

आता सगळं सुरळीत झालं असं मला वाटत होतं. तेवढ्यात मथुराबाई म्हणाल्या, "सर, शालनची खूण हलली न्हाई या वक्ताला."

शालन आमच्या खो-खोच्या टीममधली सर्वांत चपळ मुलगी. आठवीत होती. खांबापाशी सूर मारावा तर तिनेच. सूर मारणं म्हणजे पळणाऱ्या गड्याला पकडण्यासाठी अंग जमिनीला समांतर झोकून देणं. त्या आठवड्यात मी पाहिलं, ती सूर मारत नव्हती. दोन फेऱ्यांत दमत होती. चार वाजता लाडू वाटले तेव्हा मी लांबून लक्ष ठेवलं. तिने आपला लाडू पाचवीतल्या एका मुलीच्या हातात दिला.

मी तिला विचारलं, लाडू का दिलास?

"मला आवडत न्हाई, सर."

"शेंगदाणे आवडत नाहीत?"

"त्यांचा वास येतो."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

आमच्या घरी एकच गाय होती. पारनेरच्या माळरानावरची गाय, दूध देऊन देणार किती? चहापुरतं जायचं आणि उरलेला पेला माझा. तो अक्का आणून द्यायची. एकदा मी अर्धा पेला तिच्यापुढे धरला तर म्हणाली, मला दुधाचा वास येतो, तू पी. मी पीत गेलो. मला ते खरंच वाटायचं. पीटीच्या कॉलेजात वाढीचा धडा शिकवत होते तेव्हा वर्गात बसल्या बसल्या मला कळलं की अक्काला दुधाचा वास कधीच येत नव्हता.

म्हणून शालनला मी पुन्हा विचारलं नाही. मथुराबाईंना विचारायला सांगितलं. त्यांच्यापाशी ती रडली. दिवाळीच्या सुटीत राहुरीकडचं एक स्थळ तिला बघायला येणार होतं. पोरगी आता मोठी दिसते म्हणून बाबूरावांनीच बोलणं लावलं होतं. जमलं की उन्हाळ्यात लग्न आणि शाळा बंद.

"खाल्लं तर वाढंन, वाढले तर नेतील. म्हनून खात न्हाई," असं शालनने मथुराबाईंना सांगितलं. थोडं बारीक झालं की पाहुणे नको म्हणतील, असा तिचा हिशेब होता. पोरगी शाळेत राहण्यासाठी स्वतःला उपाशी मारत होती.

मी निकम सरांकडे गेलो. सरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे घरचं प्रकरण आहे, शाळा त्यात पडू शकत नाही.

"शाळा पडू नये. मी जाऊ का?"

"शाळेतर्फे नाही."

"नाही. दूध मागायला जातो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "दूध मागायला कुणीही जाऊ शकतं," ते म्हणाले.

शनिवारी शाळा लवकर सुटायची. मी सायकलवरून बाबूरावांच्या वस्तीवर गेलो. ते गोठ्यात होते. मला पाहून त्यांना आधी संशय आला. मी सांगितलं की हॉस्टेलच्या मुलांसाठी सोसायटीकडून थोडं दूध मिळेल का ते विचारायला आलोय. मुलांसाठी म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. विचार करू म्हणाले, आणि आधी मला त्यांची कालवड दाखवायला नेलं.

कालवड म्हणजे अजून न व्यालेली तरुण गाय. ही संकरित होती, गावातली पहिलीच. तांबूस रंग, मोठे डोळे. नाव राणी. तेव्हा जर्सीचं बीज आपल्या गायींना देऊन अशी वासरं करायचं काम आमच्या जिल्ह्यात नुकतं सुरू झालं होतं. लोक लांबून बघायला यायचे. बाबूराव तिच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होते आणि शेजारी शालनची आई घमेल्यात पेंड भिजवत होती. थोरल्या दिरासमोर तिचा पदर कपाळावर ओढलेला होता.

मी विचारलं, हिला खायला काय घालता?

बाबूरावांना हाच प्रश्न हवा होता. जन्मल्यापासून आईचं दूध पोटभर पाजलं, ते म्हणाले. ते दूध डेअरीला घातलं असतं तर पैसे आले असते, पण हात आखडला नाही. आता रोज पेंड, चुनी, हिरवा चारा, मिठाचा खडा. जनावरांचे डॉक्टर दर महिन्याला येऊन फितीने छातीचा घेर मोजतात. वाढ थांबली तर बाबूरावांनाच झापतात.

"आणि दुष्काळात?"

"दुष्काळात कारखान्याच्या पट्ट्यातनं उसाचं वाढं, शेंड्याचा पाला, आनलं गाडी भरून. घरात रेशनच्या लाल मिलो जवारीच्या भाकरी खाल्ल्या, पर हिला कमी पडू दिलं न्हाई."

"एवढं कशाला? जनावरच आहे."

बाबूरावांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की कॉलेजात याला काय शिकवलं असेल.

"मास्तर, कालवड म्हंजी उद्याची गाय. तिच्यावर सगळा गोठा उभा ऱ्हातो. वाढीच्या दिसांत तिला मारलं की ती खुरटली. अन् खुरटलेली कालवड गाभन गेली तर वेत अडतं. येक तर वासरू जातं, न्हाईतर गाय जाते. गोऱ्ह्याला थोडं कमी घातलं तर चालंन. कालवडीला न्हाई."

जे सांगायला मी चार मैल सायकल मारली होती ते सगळं बाबूराव स्वतः बोलून मोकळे झाले होते. फक्त ते त्यांच्या कानांपर्यंत पोचलं नव्हतं.

ते शालनच्या आईने पोचवलं. आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं असेल तर पोराला किंवा भिंतीला सांगते. तिने घमेलं राणीपुढे सरकवलं आणि राणीलाच म्हणाली,

"खा बाई. तुझं बरं हाय. तुला वाढ म्हनत्यात."

मग आवाज न चढवता,

"आमच्या शालीचा परकर दुष्काळाच्या सालात उसवावाच लागला न्हाई. तुझ्यासाठी वाढं आनलं, ते बरं झालं."

रंगनाथ दावणीपाशी उभे होते, ते खाली बघू लागले. बाबूरावांनी राणीच्या पाठीवरचा हात काढला. ते म्हणाले, "मास्तर, तुमी पोरीची न् जनावराची बरोबरी करायला आलाय व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबरी कुठे होते? राणी पुष्कळ पुढे आहे."

मला वाटलं, आता हे मला काढून देणार. पण बाबूराव ओट्यावर जाऊन बसले आणि चहा टाकायला सांगितला. बशीत ओतलेला चहा संपल्यावर विचारलं, "खरंच वेत अडतं का हो, मान्साचंबी?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. कोवळ्या वयात, अंग पुरतं वाढायच्या आत बाळंतपण आलं तर अडू शकतं. सगळ्यांचंच अडतं असं नाही, पण अडतं. तेव्हा प्रथमच रंगनाथ थोरल्या भावासमोर बोलले. "आपली चंद्री," एवढंच म्हणाले. चंद्री ही त्या दोघांची बहीण होती. ती पहिल्या बाळंतपणात गेली होती. मला हे माहीत नव्हतं. बाबूराव धोतराने तोंड पुसत उठले.

"त्या राहुरीवाल्यांना मी काय सांगू?" ते जाता जाता म्हणाले.

"सांगा, पोरगी अजून वाढतेय."

"हं. तसाबी तो नवरा मुलगा उंचीला तिच्या कानापत्तुरबी येत न्हाई."

हो की नाही, ते बोलले नाहीत. दुधाचंही बोलले नाहीत. मी सायकल काढली.

दिवाळीची सुटी मला फार लांब वाटली. शाळा उघडली त्या दिवशी मुली एकेक करून आल्या. ट्रंका, वळकट्या, फराळाचे डबे. शालन आली नाही. खो-खोच्या पाटीवर ती बसायची तो चौकोन मी मोकळा ठेवला आणि ते मुलींनी ओळखलं. निकम सर दोनदा हॉस्टेलच्या बाजूने फिरून गेले. त्यांचं तिकडे काही काम नव्हतं.

दिवस कलायला लागला तेव्हा फाटकातून बैलगाडी आत आली. गाडी बाबूराव हाकत होते. मागे पितळी घागर होती, आणि घागरीला दोन्ही हातांनी धरून शालन बसली होती. अंगावर नवा परकर. खाली चांगली चार बोटं दुमड.

घागरीत दूध होतं.

"सोसायटीचं न्हाई, घरचं हाय," बाबूराव म्हणाले. "रोज येईल. सोसायटीचं पुढच्या मिटिंगला बघतो. पर आधी पोरींना. उरलं तर पोरांना."

मथुराबाई घागर उतरवून घेत होत्या. बाबूरावांनी रिकाम्या मैदानाकडे नजर टाकली.

"अन् ते लोखंड कुठं गेलं?"

"तुम्हीच काढायला लावलंत."

"मी काढायला लावलं म्हनून काढायचं व्हय? उद्या परत ठोका. नुसतं वाढून काय करायचं? अंगात ताकद नको?"

बार पुन्हा उभा राहिला. सोसायटीच्या मिटिंगमध्ये काय झालं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं की त्यानंतर सोसायटीची एक बरणी रोज सकाळी हॉस्टेलला यायला लागली आणि रविवारच्या डब्यांत फरक पडला. आधी एका मुलीच्या डब्यात तूप दिसलं, मग दुसरीच्या. ज्या मुलीच्या डब्यात ते नसायचं तिच्या बापाला बाबूराव गाठून विचारायचे, "कालवडीला काय घालतोस रं?" लोकांना आधी कळायचं नाही. मग कळायचं.

पुढच्या हिवाळ्यात आमची मुलींची टीम जिल्ह्याच्या सामन्यांसाठी नगरला गेली. खेड्यातल्या शाळेची मुलींची टीम शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली, यावरच लोक चकित होते. समोर शहरातली शाळा. त्यांच्या पायांत चांगले बूट, आमच्या मुली अनवाणी. वेळ संपत आली आणि त्यांचा एकच गडी बाद व्हायचा राहिला. ती मुलगी अप्रतिम खेळत होती. आमच्या चौघींना तिने हुलकावणी दिली. शेवटी ती खांबाला वळसा घालत होती, तेव्हा शालनने सूर मारला. मातीवर ती पूर्ण लांब झाली आणि तिच्या बोटांची टोकं त्या मुलीच्या टाचेला लागली. फक्त टोकं. दुष्काळाच्या मापाची शालन असती तर तो हात पोचला नसता. शिट्टी वाजली.

मुलींनी शालनला उचलून घेतलं. तिचे दोन्ही गुडघे सोलले होते आणि ती हसत होती. निकम सर टाळ्या वाजवत होते, त्यांचा चष्मा खाली पडला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. बाबूराव कडेला उभे होते. शेजारच्या एका अनोळखी माणसाने त्यांना विचारलं, "ती थोराड पोरगी कुणाची हो?"

"आमची," बाबूराव म्हणाले. मग त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाले, "आमची हाय ती."

शालन मॅट्रिक होऊन पुढे नर्सिंगला गेली. लग्न तिने नोकरी लागल्यावर केलं. मुलगा तिच्याहून उंच मिळाला की नाही हे मी पाहिलं नाही. ते बघायची गरज उरली नव्हती.

नोकरीत मी यानंतर अनेक मुलं-मुली वाढवल्या. उंची वाढवण्याचं औषध आहे का, असं अजूनही लोक विचारतात. मी डाळ, दूध, शेंगदाणे, खेळ आणि झोप सांगतो. ते निराश होतात. त्यांना बाटली हवी असते. खरं तर ताटात काय वाढायचं हे सांगणं सोपं आहे. ज्याच्या हातात घर आहे त्या माणसाला ते पटवणं अवघड, आणि त्याचा कोर्स कुठल्याही कॉलेजात नाही. मी तो एका गोठ्यात केला.

नगरहून परतल्यावर मी अक्काला पत्र लिहिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. सोपं लिहिलं की तिला वाचता येई. हे पत्र तिने जपून ठेवलं होतं, तिच्या माघारी भाचीने मला परत दिलं. ते असं:

ती. सौ. अक्कास,

सा. न. वि. वि.

आमच्या मुली नगरला जिंकल्या. शालन नावाच्या मुलीने शेवटचा गडी बाद केला. ही मुलगी मागच्या वर्षी मला म्हणाली होती की शेंगदाण्याचा वास येतो. ती खोटं बोलते हे मी लगेच ओळखलं. तुझ्यामुळे ओळखलं. तुला दुधाचा वास कधीच येत नव्हता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तुला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आज लिहितो.

तुझ्या वाटणीचा पेला पिऊन मी एवढा झालो. ते दूध तुला परत देता येत नाही. इथे रोज सकाळी मुलींना दूध वाटतात, तेव्हा पहिला पेला भरताना मी मनात तुझं नाव घेतो.

सुमनला रोज पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे दे. सासूबाई म्हणाल्या की पोरगी थोराड होईल, तर सांग, मामाने सांगितलंय. त्यांनी ऐकलं नाही तर गोठ्यातल्या कालवडीला सांग, त्यांना ऐकू जाईल असं. दाराच्या चौकटीवर सुमनची खूण करून ठेव. संक्रांतीला येईन तेव्हा मी मोजीन.

आणि एक पेला तूही पीत जा. उंची आता वाढायची नाही. तरी पी.

तुझा,
बाळू